बोट ओढेल हो, पण थांबेल का?

वाचकाचं पत्र : आम्ही कोथरूडला राहतो. अलिबागच्या एका गृहस्थांकडून अठरा फुटी फायबरची सेकंडहँड मोटरबोट ट्रेलरसकट घ्यायचं जवळपास ठरलंय. कंपनीच्या कागदावर बोटीचं वजन 680 किलो आहे. आमच्याकडे डिझेल क्रेटा आहे. मेहुणा म्हणतो, 250 न्यूटन-मीटर टॉर्क आहे, आरामात ओढेल. भोसरीत एक जण हिच (गाडीमागे ट्रेलर अडकवायची जोडणी) करून द्यायला तयार आहे. सौ. म्हणते, आधी कुणाला तरी विचारा. बोट सोसायटीत ठेवून अधूनमधून पानशेतला, आणि दिवाळीत-मे महिन्यात कोकणात न्यायची असा विचार आहे. क्रेटा चालेल का? गाडी बदलायचीच झाली तर कोणती घ्यावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : वहिनींचं ऐकलंत, बरं केलंत. क्रेटामागे ही बोट लावू नका.

मेहुण्यांचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. क्रेटा ही बोट ओढेल. कर्वे रस्त्यावर ओढेल, चांदणी चौकाच्या चढालाही ओढेल, आणि त्यामुळेच तुमची खात्री पटेल की सगळं ठीक आहे. सपाट रस्त्यावर चाकांवरचं ओझं हलवायला फार जोर लागतच नाही. प्रश्न पुढे येतो. ताम्हिणीच्या उतारावर ते ओझं मागून ढकलायला लागलं की गाडी थांबवायची कशी? वळणावर गाडीची शेपटी जागेवर राहील का? आणि पाण्याच्या कडेला, शेवाळलेल्या उतारावरून ओली बोट वर कशी काढायची? या तिन्ही ठिकाणी टॉर्कचा आकडा फारसा कामाचा नाही.

आधी वजनाचं बघू. 680 हा आकडा रिकाम्या सांगाड्याचा असतो. बहुतेक कंपन्या त्यात इंजिनसुद्धा धरत नाहीत. अठरा फुटी बोटीला 115 एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लटकवायचं इंजिन) असेल तर ते एकटंच 170 किलोच्या आसपास. नव्वद लिटरची टाकी भरली की पेट्रोलचे 67 किलो. दोन बॅटऱ्या 45. नांगर, साखळी, दोर, लाइफ जॅकेटं, अग्निशामक, फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून लावायच्या उशा) मिळून 60 धरा. पिण्याचं पाणी, आइसबॉक्स, पिशव्या, आणि ‘बोटीतच टाका हो’ म्हणून टाकलेलं सगळं सामान 70. वर ट्रेलर, जो सगळेच विसरतात : या मापाचा लोखंडी ट्रेलर 300 किलोच्या घरात जातो. बेरीज करा. साधारण 1400 किलो. तुमच्या रिकाम्या क्रेटाचं वजनही याच घरातलं आहे. म्हणजे गाडी स्वतःएवढंच ओझं मागे घेऊन घाट उतरणार.

हा झाला माझा कागदावरचा हिशेब. खरा आकडा भुईकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर कळतो, आणि जुन्या बोटीचा तर तिथेच कळतो. फायबरच्या बोटीत तळाच्या पोकळीत फोम भरलेला असतो. डेकला किंवा इंजिन लावायच्या मागच्या फळीला बारीक भेगा गेल्या, की वर्षानुवर्षं पाणी मुरत राहतं आणि फोम ते सोडत नाही. बाहेरून बोट चकचकीत दिसते आणि आत दीड-दोन माणसांचं वजन पाण्याच्या रूपात बसलेलं असतं. डेकवर नाण्याने ठोकत जा. टणक आवाज अचानक बसका यायला लागला, तर त्या जागी काहीतरी मुरलंय असं समजा.

काट्यावर जायचं ते एकदा वजन करून चिठ्ठी घेऊन यायला नव्हे. काटेवाल्याला आधीच सांगा की चार वेळा वजन करायचंय, तेवढे पैसे देतो. पहिलं, फक्त गाडी, घरची माणसं आणि डिकीतलं सामान धरून. दुसरं, गाडी आणि ट्रेलर जोडलेले, दोन्ही काट्यावर. तिसरं, जोडलेलेच, पण गाडी पुढे काढून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. चौथं, गाडीची पुढची चाकं काट्याबाहेर, मागची चाकं आणि ट्रेलर काट्यावर. त्यातून तिसरं वजा केलं की गाडीच्या मागच्या अॅक्सलवर किती बसतंय ते निघतं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं एकूण वजन. त्यातून तिसरं वजा केलं की ट्रेलरचा दांडा गाडीच्या बॉलवर, म्हणजे हिचच्या ज्या गोळ्यावर तो बसतो त्यावर, किती दाबतोय ते कळतं. मोठे काटे पाच-दहा किलोंच्या पटीत दाखवतात, म्हणून हा शेवटचा आकडा ढोबळ समजा. नेमका हवा असेल तर घरचा वजनकाटा दांड्याखाली ठेवा. मात्र त्या वेळी दांडा बॉलच्याच उंचीवर हवा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावलेले हवेत.

दांड्यावरचं वजन हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित आकडा. बैलगाडी भरणाऱ्याला तो न शिकवता कळतो : माल मागे गेला की गाडी उलाळते, फार पुढे आला की बैलांच्या मानेवर बसतो. बोटीच्या ट्रेलरचं गणितही तेच, फक्त चूक झाली तर ती ताशी ऐंशीच्या वेगात कळते. बोटीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के भार दांड्यावर असावा असं मानतात. तुमच्या 1400 किलोंना 7 टक्क्यांनी 98, म्हणजे शंभर किलो. आउटबोर्ड इंजिन बोटीच्या अगदी मागच्या टोकाला लटकलेलं असल्याने बोटीचा कल मुळातच मागे असतो. त्यात कुणी आइसबॉक्स मागच्या बाकाखाली सरकवला की हे शंभर सहज चाळीसवर येतात. मग ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. आधी थोडी, मग जास्त, आणि काही सेकंदांत गाडीलाच इकडून तिकडे खेचायला लागतो.

उलट टोकाला जाऊन दांड्यावर दीडशे किलो टाकले तरी बरं नव्हे. शंभर किलोंचंच उदाहरण घ्या. क्रेटाच्या दोन अॅक्सलमधलं अंतर 2.61 मीटर. हिचचा बॉल मागच्या अॅक्सलच्या मागे एक मीटरवर असेल असं धरू. तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर 100 नव्हे, 138 किलो वाढतात, आणि वरचे 38 किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. क्रेटाला जोर मिळतो पुढच्या चाकांतून, स्टिअरिंग पुढच्या चाकांचं, ब्रेकचा मोठा वाटाही पुढच्याच चाकांचा. ओल्या रस्त्यावर नेमकी तीच हलकी करायची, हा सौदा मला पटत नाही. मागच्या सीटवर दोन मुलं आणि डिकीत बॅगा असतील तर मागचा अॅक्सल आधीच भरलेला असतो, ते वेगळंच.

आता घाट. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, कोकण शून्यावर. तुम्ही कुठल्याही घाटाने उतरा, पाचशे मीटर कुठेतरी सोडावेच लागतात. माणसांसकट गाडी आणि बोट मिळून तीन टन धरले, तर पाचशे मीटर उतरताना सुमारे 15 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत पंचेचाळीस लिटर पाणी उकळायला लागेल. त्यातली काही इंजिन आणि हवा खाते. उरलेली सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये. पाय ब्रेकवरून काढलाच नाही तर अर्ध्या घाटात पेडल मऊ लागायला लागतं, चाकांतून वास येतो, आणि पुढचं वळण तर समोर आलेलं असतं.

उतार सोडा, सपाट रस्त्याचं बघा. ताशी 60 किलोमीटरवरून कोरड्या रस्त्यावर नुसती क्रेटा, माणसं धरून, जोरात ब्रेक लावल्यावर वीसेक मीटरमध्ये थांबू शकते. मागे स्वतःचे ब्रेक नसलेला 1400 किलोंचा ट्रेलर लावला की थांबवायचं वस्तुमान जवळजवळ दुप्पट होतं, पण रस्त्याला धरून थांबवणारी चाकं मात्र तीच चार. वीसचे सदतीस मीटर होतात. तुमच्या प्रतिक्रियेला लागणारं अंतर यात धरलेलंच नाही. वाकड आणि बावधनच्या मधल्या ट्रॅफिकमध्ये, जिथे तुम्ही सोडलेल्या जागेत लगेच रिक्षा शिरते, तिथे हे सतरा मीटर आणणार कुठून?

म्हणून पहिला प्रश्न गाडीचा नाही, ट्रेलरचा आहे : त्याला ब्रेक आहेत का? आपल्याकडे स्थानिक फॅब्रिकेटरने बनवलेल्या बऱ्याच बोट-ट्रेलरना ब्रेकच नसतात. बोट जेट्टीवरून शेडपर्यंत न्यायची एवढाच त्यांचा उपयोग धरलेला असतो. युरोप-ऑस्ट्रेलियात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला 750 किलोंच्या वर परवानगी नसते. 1400 किलोंना ओव्हररन ब्रेक हवेतच. यात गाडीने वेग कमी केला की ट्रेलर पुढे सरकून कपलर (दांड्याच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) दाबतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक लागतात. रिव्हर्स घेतानाही कपलर तसाच दाबला जातो, म्हणून रिव्हर्ससाठी लॉक आहे का तेही बघा, नाहीतर सोसायटीच्या गेटवर ट्रेलर मागे जायचंच नाकारेल आणि वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे सल्ला द्यायला जमतील. ट्रेलर अलिबागच्या खाऱ्या पाण्यात बुडत आलेला असेल तर ब्रेक आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. चाक काढून आत बघा. ड्रमच्या आत गंजाचे पापुद्रे हाती येणं अगदी नेहमीचं.

गाडीचा आकडा कुठून घ्यायचा? मालकाच्या पुस्तिकेतून, आणि फक्त तिथूनच. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ‘या गाडीने ट्रेलर ओढू नये’ असं सरळ लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय तिथेच संपला, कारण उद्या काही झालं तर विमा कंपनी तेच पान उघडणार. इंटरनेटवर त्याच नावाच्या गाडीचे परदेशी आकडे सापडतील. ऑस्ट्रेलियात फॉर्च्युनरला ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी तीन टनांहून अधिक मान्यता आहे. तिथे तो आकडा विशिष्ट हिच आणि तिथल्या नियमांसकट दिलेला असतो. तो इथल्या गाडीला परस्पर लावता येत नाही. मी एवढंच म्हणेन की त्यावरून सांगाड्याची जात कळते, परवानगी मिळत नाही.

पुस्तिकेत आकडा असेल तर तीन गोष्टी वेगवेगळ्या बघा. ब्रेकवाल्या ट्रेलरचं कमाल वजन, दांड्यावरचा कमाल भार, आणि गाडी-ट्रेलर मिळून कमाल एकूण वजन. शेवटचा आकडा लोक वाचतच नाहीत. गाडीत सहा माणसं बसवली की ओढायची क्षमता तेवढी कमी होते, हे त्या आकड्यात दडलेलं असतं. दांड्यावरचा भारही गाडीतल्या सामानातच मोजायचा.

गाडी बदलायचीच तर कोणती? ब्रिटनमध्ये कॅरावान ओढणारे एक अंगठेनियम पाळतात : मागचं ओझं गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत. नवख्याला तो चांगला आहे. 1400 किलो 85 टक्क्यांत बसवायचे तर गाडी निदान साडेसोळाशे किलोंची हवी. आपल्या घाटांसाठी मी दोन टनांच्या आसपासची धरेन. म्हणजे शिडीसारखी वेगळी चासी, मागच्या किंवा चारही चाकांना जोर, लांब व्हीलबेस, म्हणजे दोन अॅक्सलमधलं अंतर जास्त. या चाळणीतून फॉर्च्युनर फोर बाय फोर, स्कॉर्पिओ-एनचं फोर बाय फोर मॉडेल, हायलक्स आणि व्ही-क्रॉस राहतात. इनोव्हा क्रिस्टाही चासीवर उभी आहे आणि मागच्या चाकांवर चालते. सपाट रस्त्याला ती चांगली, ओल्या उतारावर मात्र तिला लो-रेंज (अगदी हळू पण जास्त जोराने चालायचे गिअर) नसल्याचं जाणवतं. इनोव्हा हायक्रॉस नाव सारखं वाटलं तरी वेगळीच गाडी आहे, पुढच्या चाकांवरची. सफारीही पुढच्याच चाकांवर चालते. यांपैकी जी घ्याल तिच्याबाबत शोरूममधल्या मुलाचं ‘सर, काही प्रॉब्लेम नाही’ हे उत्तर उत्तर समजू नका. कंपनीला मेल करा आणि लेखी मिळालं तरच पुढे जा.

मेहुणे आता थारचं नाव काढतील, मला खात्री आहे. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस 2.45 मीटर. फोर बाय फोर, लो-रेंज, सगळं आहे. पाण्यातून बोट बाहेर काढायला झकास. पण हायवेवर गाडी जितकी आखूड, तितकी मागच्या ओझ्याला तिला वळवणं सोपं. अठरा फुटी बोट ती ओढत असेल तर मी मागच्या गाडीत बसायलाही तयार नाही. जिम्नी तर बाराशे किलोंची. तिच्यामागे ही बोट लावणं म्हणजे कोण कोणाला नेतंय हे वाऱ्यावर सोडणं.

रॅम्पवरचं थोडं सांगतो, कारण गाड्यांचे क्लच तिथे जळतात. बोट पाण्यातून वर काढताना गाडीचं तोंड चढाकडे असतं आणि दांडा बॉलला खाली-मागे खेचत असतो. भार मागच्या चाकांकडे जातो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाकं नेमकी तेव्हा हलकी होतात आणि शेवाळावर नुसती फिरतात. मॅन्युअल गिअर असेल तर माणूस अर्धा क्लच दाबून रेस देत राहतो आणि दोन-तीन मिनिटांत वास येतो. लो-रेंज लावली की गाडी क्लच पूर्ण सोडून मुंगीच्या पावलांनी वर येते. आणखी एक : घाट उतरून आल्या-आल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. चाकांचे हब तापलेले असतात. गार पाणी लागताच आतली हवा आकसते आणि सील ओलांडून पाणी बेअरिंगच्या ग्रीसमध्ये ओढलं जातं. चहा घ्या, भजी खा, हब हाताला कोमट लागले की मग.

भोसरीच्या त्या कारागिराच्या हातावर माझा अविश्वास नाही. वेल्डिंग तो उत्तमच करेल. पण क्रेटाला वेगळी चासी नाही, पत्र्याच्या पेटीसारखी बांधणी आहे, आणि हिचचा जोर नेमका कुठे घ्यायचा हे कंपनीने आखलेलं नसेल तर कितीही जाड अँगल लावला तरी पत्रा आतून फाटतो. चासीच्या गाडीलाही हिच बोल्टने चासीलाच धरलेला हवा, बंपरला नाही. बॉलचं माप स्वतः व्हर्निअरने मोजा. युरोपीय पद्धतीचा बॉल 50 मिलिमीटरचा, अमेरिकन दोन इंची 50.8 मिलिमीटरचा. तुमची बोट ट्रेलरसकट अमेरिकेतून आलेली असेल, तर तिचा दोन इंची कपलर 50 मिलिमीटरच्या बॉलवर बसतो, लॉकही होतो, आणि एखाद्या स्पीडब्रेकरवर उचकटूनही येतो. दांड्याखाली दोन साखळ्या फुलीसारख्या बांधायच्या, म्हणजे कपलर निसटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर झेलला जातो.

ट्रेलरचे टायर बघताना खाचा बघू नका, वय बघा. हे टायर झिजत नाहीत, उन्हात उभे राहून सुकतात. कडेवर चार आकडे असतात : 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर किंमत ठरवताना नवे टायर धरा.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे त्याची आरटीओकडे स्वतंत्र नोंदणी आणि विमा हवा. विकणाऱ्याकडे ट्रेलरचं आरसी बुक नसेल, आणि बऱ्याचदा नसतंच, तर तो रस्त्यावर आणायचा नाही. हिच बसवण्याआधी विमा कंपनीला कळवा. बोटीसाठी वेगळं : देशाच्या आतल्या पाण्यात चालणाऱ्या इंजिनाच्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 लागू होतो आणि महाराष्ट्रात हे काम मेरीटाईम बोर्डाकडे आहे.

पानशेतचं नाव तुम्ही सहज घेतलंत, पण खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं पुण्याला पिण्याचं पाणी देतात. जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय तिथे खाजगी मोटरबोट टाकता येईल असं समजून चालू नका. आधी तो अर्ज, मग बोट. मुळशी तर टाटांचं धरण, तिथे त्यांची परवानगी. घाट न उतरता मोठं पाणी गाठायचं असेल तर सोलापूर रस्त्याने भिगवणकडे उजनीचा फुगवटा आहे. रस्ता रुंद आणि सपाट, पुण्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास. परवानगी तिथेही लागते, पण ओढणाऱ्याच्या दृष्टीने पुण्यातून निघणारा तो सर्वांत सोपा रस्ता. कोकणात जायचंच तर ताम्हिणी आणि वरंधा विसरा. अरुंद, वळणांवर ट्रेलर आतल्या बाजूला कापतो, समोरून एसटी आली तर मागे घ्यायला जागा नाही, आणि वरंधा तर पावसाळ्यात वारंवार बंद असतो. बोट ओढत न्यायची तर बोरघाट, डावी लेन, आणि ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडायचा, सतत घासत ठेवायचा नाही. ट्रेलर कधी डुलायला लागला तर ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगने त्याच्याशी भांडू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. मग बाजूला थांबून सामान पुढे सरकवा.

आता माझं खरं मत. तुम्ही वर्षातून दोनदा कोकणात जाणार आणि ‘अधूनमधून’ पानशेतला. एवढ्यासाठी लाखो रुपयांची गाडी घेऊन ती उरलेले साडेतीनशे दिवस कोथरूडच्या गल्लीत पार्क करत बसणं मला शहाणपणाचं वाटत नाही. बोट पाण्याजवळच ठेवा. अलिबाग-मुरूडच्या बाजूला शेडखाली जागा भाड्याने मिळते का ते विकणाऱ्यालाच विचारा. त्याने ती आजवर कुठेतरी ठेवलीच आहे की. किनाऱ्यावर पाण्यात ढकलायला-काढायला गावातला ट्रॅक्टर मिळतो. हलवायचीच झाली तर फ्लॅटबेड ट्रक सांगा, दोन्ही टोकांना हायड्रा क्रेन बोलवा, आणि बोट ट्रेलरसकट वर चढवून पट्ट्यांनी आवळून न्या. ब्रेक, हिच, दांडा, घाट, सगळी काळजी ज्याचा तो धंदा आहे त्याच्याकडे जाते. तुम्ही क्रेटात एसी लावून मागून या.

आणि बोट पुण्यातच हवी, सुट्टीच्या दिवशी उठलं की निघालं असं हवं, तर बोट बदला, गाडी नको. इंजिनाच्या मोहातून बाहेर पडलात तर एका माणसाच्या शिडाच्या लेझर बोटीचा सांगाडा 59 किलोंचा असतो आणि टपावरच्या कॅरिअरवर जातो. फक्त टपावर किती वजन चालतं ते त्याच पुस्तिकेत बघा. चौघांना बसायचं असेल तर घडी करता येणारी रबरी बोट आणि छोटं आउटबोर्ड डिकीत मावतं. सोसायटीच्या कमिटीसमोर अठरा फुटी ट्रेलर दोन पार्किंगमध्ये आडवा का लावलाय याचं स्पष्टीकरणही द्यावं लागत नाही.

तरीही अलिबागच्या बोटीवर जीव जडलाच असेल, तर बयाणा देण्याआधी विकणाऱ्याला सांगा की बोट टाकी भरून, सगळं सामान चढवून जवळच्या भुईकाट्यावर आणायची, भाडं तुमचं. त्याने कारणं सांगायला सुरुवात केली तर तेही एक उत्तरच आहे. आणली तर काट्याची चिठ्ठी, ट्रेलरचं आरसी, ट्रेलरवरच्या पाटीचा आणि कपलरचा फोटो मला पाठवा. मेहुण्यांनाही सोबत न्या. ट्रेलरखाली वाकून ब्रेक बघायला कुणीतरी लागेलच.